उंबरठ्याच्या आतले गाणे : भीमगीत, विद्रोही शाहिरी आणि आपली घरे

१

आंबेडकरी गाण्यांविषयी आजवर जे लेखन झाले, त्यातले बहुतेक मंचाकडे तोंड करून झाले आहे. जलसा कोणी काढला, शाहीर कोण होते, सभा कुठे झाली, गाण्यातून कोणता विचार सांगितला गेला, याच्या नोंदी आपण घेतल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु हे गाणे सभेतून उठून घरी गेले तेव्हा घराने त्याचे काय केले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ज्या पोराने रात्री मैदानात गाणे ऐकले त्याला सकाळी चुलीपाशी बसून ते म्हणता आले काय? त्याच्या बहिणीला म्हणता आले काय? आजा काय बोलला? बाप गप्प का राहिला? विद्रोहाची पहिली कसोटी रस्त्यावर लागते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती घरात लागते आणि तिथली साक्ष कोणी लिहून ठेवत नाही.

प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे की, गाण्यातील विद्रोह केवळ त्याच्या शब्दांत नसतो. एकच गाणे एका उंबरठ्याच्या आत प्रार्थना असते, त्याच उंबरठ्याबाहेर ती आगळीक ठरते. म्हणून एखादे गाणे विद्रोही आहे की नाही हे ठरवताना ते कोणाच्या घरात, कोणाला, कोणत्या कारणाने अडचणीचे वाटते हे पाहिले पाहिजे. या कसोटीतून आपले स्वतःचे घरही सुटता कामा नये.

२

ज्या मुलखाविषयी मी बोलतो आहे तो गाण्यांना मुकलेला मुलूख नव्हे. सिंदेवाही हे चंद्रपूर जिल्ह्यातले, नागभीडहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे तालुक्याचे गाव. धानाचा प्रदेश, इथल्या भात संशोधन केंद्रामुळे शेतकऱ्यांना हे नाव दूरवर ठाऊक आहे. भोवती जंगल, मालगुजारीच्या काळातले तलाव, पावसाळ्यात रोवणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण गाण्यानाटकाच्या दृष्टीने हा सारा एकच झाडीपट्टीचा टापू राहिला. दंडार, खडी गंमत, भजनी मंडळे आणि दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर चालणारी नाटके, एवढे सारे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले आहे. वडसा हे त्या नाटकांच्या व्यवहाराचे मुख्य ठाणे. या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टीचे नाव नव्याने कळले. इथल्या माणसाला ते सांगावे लागत नव्हते.

तेव्हा इथले घर सनातनी होते असे म्हणताना त्या घरात गाणेच नव्हते असा अर्थ घेऊ नये. गाणे होते, परंतु कोणी काय गावे, कोणी वाजवावे, कोणी दुरून ऐकावे, याचे वाटप ठरलेले होते. गावगाड्याने जशी कामे वाटून दिली तसे सूरही वाटून दिले होते. देवळातले भजन एकाचे, वरातीपुढचे वाजवणे दुसऱ्याचे, रोवणीचे गाणे बांधीत वाकलेल्या बायांचे. हे वाटप मोडणारे गाणे आले की घर हादरते. ते कोणत्या जातीचे घर आहे यावर त्याच्या हादरण्याची तऱ्हा तेवढी बदलते.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरला जो उठाव झाला त्यामागे तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची प्रेरणा होती हे सर्वश्रुत आहे. सरकारला ती भजने धोक्याची वाटली आणि त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. म्हणजे सिंदेवाहीपासून हाकेच्या अंतरावर, अगदी देवभोळ्या घरांत रुळलेल्या भजनाच्या चालीवर, राजद्रोहाचे गाणे उभे राहिले होते. आज त्यांच्या नावाची सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते. तिथे रांगेने बसणाऱ्या पोरांपैकी किती जणांना ठाऊक असते की या खंजिरीला एके काळी सरकार भ्याले होते? गाण्यावर बंदी आली तर ते लपून जगते. त्याची पूजा सुरू झाली की मात्र त्याला काय म्हणायचे होते हे विचारण्याची गरज कोणाला उरत नाही. ही गोष्ट तुकडोजींच्या भजनांपुरती मर्यादित आहे असे समजून आपण निर्धास्त होऊ नये.

३

आता आपल्या घराकडे वळू. बौद्ध घरातल्या, म्हणजे पूर्वाश्रमीच्या महार घरातल्या वडीलधाऱ्यांनी जलशाच्या गाण्याला विरोध केला असे सांगितले की आजचा तरुण कार्यकर्ता चटकन म्हणतो, ते अडाणी होते, देवभोळे होते. हे उत्तर सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. त्या विरोधाला दोन मुळे होती आणि ती एकमेकांच्या उलट दिशांना गेलेली होती.

पहिले मूळ भक्तीचे. विदर्भातल्या महारांत चोखामेळ्याचे भजन खोलवर रुजलेले होते. नागपुरात किसन फागोजी बनसोडे यांच्यासारख्या कार्यकर्त्या कवीने चोखामेळ्याचे नाव दलितांच्या जागृतीसाठी वापरले. देवाच्या दाराबाहेर उभे राहून रडणाऱ्या संताच्या तोंडून आपले दुःख बोलता येते, हा त्या पिढीचा आधार होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि दाराबाहेर उभे राहण्याचेच प्रयोजन संपले. ज्या आज्याने चाळीस वर्षे एकतारी धरली त्याला हे एका रात्रीत पचले नाही, यात नवल काय? त्याच्या दृष्टीने नवे गाणे देवाविरुद्ध होतेच, शिवाय ते त्याच्या दुःखाची भाषा काढून घेत होते.

दुसरे मूळ स्वाभिमानाचे आहे आणि त्याची दखल आपण घेतलेली नाही. गावात वाजवणे, नाचणे, दवंडी देणे ही कामे दलितांच्या माथी सक्तीची होती. मालकाच्या दारी वाजवावे आणि भाकरीच्या तुकड्यासाठी हात पसरावा, ही कलेची सेवा नव्हती, वेठ होती. तमाशाच्या फडात आमच्या बाया नाचवल्या गेल्या. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिगत चळवळीत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. मेलेली ढोरे ओढणे सोडा, उष्टे मागणे सोडा, या हाकेबरोबरच अनेक गावांतून वाजवणेही सोडले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि लगेच १६ ऑक्टोबरला चांद्याला धम्मदीक्षा झाली. चांद्याचा तो सोहळा घडवून आणण्यात बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा पुढाकार होता. तिथून परतलेल्या माणसांनी घरातले देव नदीत सोडले. काहींनी त्यांच्याबरोबर डफही सोडला.

म्हणून आमच्या पिढीच्या बापांचा गाण्याला विरोध हा भक्तीतून आलेला नव्हता. तो मुक्तीतून आला होता. माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. इस्त्रीचा सदरा, घरात बुद्धाची तसबीर, संध्याकाळी वंदना, हा त्यांचा शिरस्ता. नामांतराच्या चळवळीच्या काळात मोहल्ल्यातली पोरे ढोलकी घेऊन गाणी बसवू लागली तेव्हा ते एकच वाक्य बोलत, ‘आमी वाजवनं सोडलं अन् तुमी काहून धरता?’ या प्रश्नाची टर उडवणे सोपे होते, आणि पोरांनी ती उडवलीही. परंतु त्या एका वाक्यात साऱ्या जातीच्या अपमानाचा हिशेब होता. तो माणूस देवाला भीत नव्हता, सरकारला तर नाहीच. त्याला भीती होती ती पुन्हा डफाशी बांधले जाण्याची.

इथेच आपल्या समीक्षेची शब्दयोजना अपुरी पडते. सनातनी घर म्हटले की सोवळेओवळे डोळ्यांसमोर येते. पण मुक्तीचेही एक सोवळे असते. ते कष्टाने मिळवलेले असते, म्हणून अधिक चिवट असते आणि त्याच्याशी भांडणे अधिक अवघड असते. ब्राह्मणी सोवळ्याला झिडकारता येते. बापाच्या स्वाभिमानाला कसे झिडकारणार?

४

जलसाकारांना या अडचणीची जाणीव होती असे त्यांच्या कामावरून दिसते. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यातून भटशाहीवर प्रहार केले. पुढे १९३१ च्या सुमारास भीमराव कर्डकांनी नाशिक जिल्ह्यात आंबेडकरी जलसा उभा केला, आणि १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात त्या कामाची हकिगत नोंदवून ठेवली. साचा ओळखीचा, पण त्याचा कणा बदललेला. शृंगाराची जागा प्रबोधनाने घेतली, आणि हशा पिकवणारा विनोद भोंदूगिरीवर, शिवाशिवीवर रोखला गेला. ज्या कलेने माणसाला हीन केले तीच कला त्याच्या हाती शस्त्र म्हणून देणे, हा तो उद्योग होता. सोडून दिलेला डफ पुन्हा उचलायचा, पण मालकाच्या दारी वाजवायचा नाही. बापाच्या प्रश्नाला जलशाने दिलेले उत्तर हे होते.

वामनदादा कर्डक यांनी (१९२२–२००४) हे उत्तर गावोगाव पायी नेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. त्यांची गाणी छापील पुस्तकांपेक्षा हस्तलिखित वह्यांतून अधिक पसरली. एका मोहल्ल्यातल्या पोराने दुसऱ्या मोहल्ल्यातल्या वहीतून उतरवून घ्यायचे, चाल विसरली तर सिनेमाच्या ओळखीच्या चालीवर बसवायचे, हा तिचा प्रवास. पंडितांना या उसन्या चालींचे वावडे आहे. त्यांना विचारले पाहिजे की, ज्याच्या घरी पेटी नाही, गुरू नाही, देवळाचा मंडपही नाही, त्याने चाल आणायची कुठून? रेडिओवर वाजणारी चाल सर्वांना फुकट मिळत होती आणि तिच्यावर कोणाच्या जातीचा शिक्का नव्हता. लोकांना आधीच पाठ असलेल्या चालीवर नवा आशय बसवणे ही गरज होती, आणि ती ओळखण्यात शहाणपणही होते.

गाणे घरात शिरले ते मात्र जलशाच्याही आधी, दुसऱ्याच दाराने. हेमा राइरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी पुढे महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या, रमाबाईंवरच्या ओव्या आहेत. पहाटे दळणाऱ्या बाईला गाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती, कारण तिचे गाणे कामात मोजले जाई. ते कोणी कला म्हणून ऐकत नव्हते, त्यामुळे कोणी अडवतही नव्हते. बाप पोरांची ढोलकी थांबवत होता त्याच घरात आई पाळण्यावर भीमाचे गाणे म्हणत होती आणि त्याला त्यात वावगे वाटत नव्हते. गाणे तेच. फरक एवढाच की पाळण्यापाशी गाणाऱ्या बाईला ऐकणारे कोणी बाहेरचे नव्हते.

आणि हीच सवलत बाईच्या वाटेतली धोंड ठरली. तिचे गाणे उंबरठ्याच्या आत असेतो पवित्र. ती मंचावर उभी राहिली की तमाशातली बाई. माझ्या मोठ्या बहिणीकडे गाण्यांच्या दोन वह्या होत्या. मोहल्ल्यातले कलापथक तिच्याच वहीतून गाणी घेत असे. तिला मात्र एकदाही मंचावर गाऊ दिले गेले नाही. फडात नाचवल्या गेलेल्या बायांची आठवण इतकी जवळची होती की, मुलीच्या अब्रूसाठी म्हणून मुलीचा कंठच बंद केला गेला. स्वाभिमानाचे हे कर्ज पुरुषांनी काढले आणि फेडले बायांनी. आज कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गाताना हजारो लोक ऐकतात, शीतल साठे यांचा आवाज मैदान हलवून सोडतो. त्यांचे कौतुक करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे की, त्यांच्यामागे अशा कितीतरी वह्या ट्रंकेत बंद राहिल्या आहेत.

५

सत्तरीच्या दशकानंतर कॅसेट आली आणि उंबरठ्याचा खेळ बदलला. प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या कंठातून आलेली विठ्ठलाची गाणी आषाढी-कार्तिकीला सवर्णांच्या घरात, देवळाच्या कर्ण्यावर वाजली. त्याच कंठातून आलेली भीमगीते मात्र त्या घरांच्या दारात थांबली. आवाज एक, ढंग एक, वाद्ये तीच. ज्या घरात विठ्ठल चालला तिथे भीम चालला नाही. तेव्हा त्या घराला संगीताचे वावडे नव्हते, आवाजाचेही नव्हते. वावडे नेमके कशाचे होते हे यापेक्षा उघड कसे होणार?

पुढे मोबाईल आला आणि घरातले गाणे माणसाच्या खिशातून रस्त्यावर हिंडू लागले. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. तो नर्सिंगचा विद्यार्थी होता आणि त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली एवढे निमित्त झाले. ते गाणे काही भूमिगत संघटनेचे नव्हते. आपल्या लग्नात, जयंतीत, बारशात ते वाजते. आपल्या घरात त्यावर लहान पोरे नाचतात. आपल्या दृष्टीने त्यात आता विद्रोह उरलेला नव्हता. उंबरठ्याबाहेर मात्र तो एवढा शिल्लक होता की त्यापायी जीव गेला.

हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण आपल्यातले काही चिकित्सक भीमगीतांना सरसकट भक्तिगीते ठरवून मोकळे होतात. व्यक्तिपूजा वाढली, डी.जे.च्या भिंतींनी विचार दडपला, बाबासाहेबांचा देव केला, हा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य आहे आणि मी तो नाकारत नाही. ज्या गाण्यात बाबासाहेबांच्या कोटाचे, गाडीचे, पदव्यांचेच वर्णन आहे आणि भूमिहीनाचे, सफाई कामगाराचे, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचे नावही नाही, ते गाणे घराला निजवते. परंतु हा निकाल देताना गाणे कोणत्या दारात उभे आहे हे पाहायलाच हवे. जे गाणे माझ्या घरात झोप आणते तेच गावाच्या चौकात वाजवायला अजूनही छाती लागते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. एक धरून दुसरे सोडले की समीक्षा एकतर भाबडी होते किंवा तुच्छतावादी.

दूरच्या एका समाजाकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेतल्या निग्रो जनतेशी आपले नाते दलित पँथरच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७२ पासून, आपण सांगत आलो आहोत. ‘ब्लूज’ या त्यांच्या दुःखगीतांचे जनक म्हणून ओळखले जाणारे डब्ल्यू. सी. हँडी १८७३ मध्ये, म्हणजे जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला त्याच वर्षी, अलाबामा राज्यात जन्मले. वडील धर्मोपदेशक. पोराने पै-पै साठवून गिटार आणली तेव्हा बापाने ती सैतानाची वस्तू म्हणून परत करायला लावली आणि बदल्यात शब्दकोश घ्यायला लावला, असे हँडींनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. या हकिगतीतला शब्दकोश मला फार महत्त्वाचा वाटतो. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजातल्या बापाला पोराच्या हातात वाद्य नको होते, पुस्तक हवे होते. माझ्या गुरुजी बापाचे म्हणणे याहून वेगळे काय होते? पण त्या समाजाने पुढे दोन्ही धरले. चर्चचे गाणे आणि दारूच्या गुत्त्यातले गाणे एकमेकांत मिसळले आणि नागरी हक्कांच्या लढ्यात ते मिश्र गाणे मोर्चाच्या पुढे चालले. पुस्तक आणि वाद्य यांत निवड करावी लागू नये, ही त्या लढ्याची शिकवण आहे.

६

आता तिसरा उंबरठा, राज्यसंस्थेचा. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले तेव्हापासून गाण्यात भुकेचा आणि मजुरीचा प्रश्न ठळकपणे आला. तो धागा पुढे आव्हान नाट्य मंचाच्या विलास घोगरे, संभाजी भगत यांच्या शाहिरीत आला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाने ही कथा सर्वदूर पोहोचवली. पुण्यातल्या कबीर कला मंचावर २०११ पासून खटले सुरू झाले. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले. माळी, सागर गोरखे व रमेश गायचोर यांना जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडले; त्यांतील गोरखे व गायचोर यांना आणि त्यांच्याबरोबर ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या खटल्यात अटक झाली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात गाण्यामुळे माणसाने आत्महत्या केली असा आरोप एका लोकशाहिरावर ठेवला जातो. त्या शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ते २०२१ मध्ये कोरोनाने गेले. चित्रपट पाहून शहरी प्रेक्षक हसले. आपल्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हसू आले नसावे.

कारण आपल्याकडे गाण्यावरचा संशय हा रोजचा अनुभव आहे. १९८० पासून गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी चळवळ आली. नदीपलीकडच्या तेलंगणात गदर यांच्या जन नाट्य मंडळीने घोंगडी आणि घुंगरांचे गाणे गावोगाव नेले होते. त्यानंतर या भागात खांद्यावर डफ आणि तोंडात मजुरीचा प्रश्न असलेला कोणीही तरुण दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये उभा राहिला. ज्याचा बंदुकीशी काडीचा संबंध नाही, ज्याची निष्ठा संविधानावर आहे, त्यालाही खुलासा द्यावा लागू लागला. मग घर बोलू लागले, ‘जयंतीचं म्हन बापू, हे दुसरं नको म्हनू.’ जयंतीचे गाणे सुरक्षित, मजुरीचे गाणे धोक्याचे. आपल्या घरांतली ही नवी विभागणी भक्तीतूनही आली नाही आणि स्वाभिमानातूनही नाही. ती भीतीतून आली आहे. भीती खोटी नाही, म्हणून मी त्या आईबापांना दोष देत नाही. परंतु ज्या गाण्याला घर भिते ते गायचे थांबले आणि ज्या गाण्याला घर भीत नाही तेवढेच उरले, तर एका पिढीत आपले गाणे निव्वळ आरती होईल. चिमूरच्या खंजिरीचे जे झाले तेच ढोलकीचे होईल.

७

यावर उपाय काय? भीमगीते बंद करून फक्त प्रश्नांची गाणी गा, असा फतवा मी काढणार नाही. ज्या समाजाचे नाव उच्चारले जात नव्हते त्याने आपल्या मुक्तिदात्याचे नाव हजारदा उच्चारावे, हा त्याचा हक्क आहे. माझी मागणी समीक्षेकडे आणि कार्यकर्त्यांकडे आहे.

गाण्याकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत. हे गाणे गावाच्या चौकात कोणाला सहन होत नाही? हे गाणे आपल्या घरात कोणाला सहन होत नाही? आणि हे गाणे घरातल्या कोणाला गाऊ दिले जात नाही? पहिला प्रश्न आपण नेहमी विचारतो आणि त्याच्या उत्तराने सुखावतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याला नकोशी वाटतील. दारू पिऊन जयंतीत नाचणाऱ्यावरचे गाणे, हुंडा घेणाऱ्या बौद्ध नवरदेवावरचे गाणे, आपल्याहून खालच्या मानलेल्या जातीशी आपण कसे वागतो यावरचे गाणे आपल्या मंचावर कितीदा म्हटले जाते, हे प्रत्येक मंडळाने आपल्यापुरते मोजावे.

दुसरे काम विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल, चिमूर, वडसा या पट्ट्यातल्या घराघरांत गाण्यांच्या हस्तलिखित वह्या पडून आहेत. कित्येकांवर कवीचे नाव नाही. चाल कोणत्या सिनेमाची हे कोपऱ्यात लिहिलेले असते. जुन्या भजनाच्या वहीचीच पुढली पाने भीमगीतांनी भरलेली असतात, म्हणजे चोखामेळ्यापासून भीमापर्यंतचा एका घराचा प्रवास एकाच पुठ्ठ्यात बांधलेला असतो. वाळवी आणि ओल यांच्यापुढे त्या फार काळ टिकणार नाहीत. महाविद्यालयांतून मराठीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी दरवर्षी विषय शोधत असतात. त्यांनी या वह्या उतरवून घ्याव्यात, आणि नुसत्या गाण्यापाशी थांबू नये. वही कोणाची, ते गाणे घरात कोणी अडवले, काय म्हणून अडवले आणि मंचावर कोण गेले, हेही लिहून घ्यावे. ते सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

जुन्या माणसांनी वाजवणे सोडले ते योग्यच केले. त्या वेळी तो विद्रोह होता. नव्यांनी पुन्हा वाद्य हातात घेतले, तोही विद्रोह होता. बाप आणि पोर परस्परांशी भांडत होते तेव्हा दोघेही एकाच गुलामीशी भांडत होते, हे आपल्या साहित्यविचाराने स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. आता पाळी आहे ती घरातल्या मुलीच्या गाण्याची आणि बांधीत वाकलेल्या मजूर बाईच्या गाण्याची. आपले घर ते गाणे ऐकून घेईल की बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून त्यालाच गप्प करील, यावर आपल्या सांस्कृतिक चळवळीचे पुढचे मोजमाप होणार आहे.